वरच्या दोन मणक्यांचा आजार आणि योग्य डॉक्टरपर्यंतची वाट

एमआरआयच्या बोगद्यात पेशंट उताणा, डोकं सरळ ठेवून, निश्चल पडलेला असतो. हललात तर फोटो बिघडेल, असं तंत्रज्ञाने आधीच बजावलेलं असतं. मानेच्या बहुतेक दुखण्यांसाठी असा फोटो पुरतो. मात्र मानेच्या अगदी वरच्या टोकाला, कवटी कण्यावर टेकते तिथे, एक निराळाच आजार होतो. तिथला सांधा ढिला पडलेला असतो आणि माणूस आडवा झाला की बऱ्याचदा तो आपोआप जागेवर बसतो. उठून मान पुढे झुकवली की मणका पुन्हा सरकतो आणि मज्जारज्जू दाबला जातो. फोटो काढताना दाब नसतो, त्यामुळे रिपोर्टात 'वयानुसार झीज' असं लिहून येतं. पेशंटच्या हातातली पकड मात्र दिवसेंदिवस सैल होत जाते.

अशा घरातून पहिला प्रश्न येतो तो 'कुठल्या मोठ्या डॉक्टरला दाखवू?' हा. माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. हा सांधा हलतोय का, हे कुणी हलवून तपासलं आहे का, हा पहिला. त्याचं उत्तर हातात आलं की डॉक्टर शोधणं सोपं होतं, आणि समोरचा डॉक्टर या कामाचा आहे की नाही हेही ओळखता येतं.

मानेत सात मणके असतात. खालचे पाच साधारण एकसारखे, एकावर एक रचलेले, मधे चकती असलेले. वरचे दोन वेगळे. पहिला मणका, ॲटलस, म्हणजे नुसतं कडं. त्याला मणक्याचा भरीव गाभाच नाही. दुसऱ्या मणक्यातून, ॲक्सिसमधून, दातासारखा एक सुळका वर येतो आणि त्या कड्यात पुढच्या बाजूला बसतो. जात्यात वरचा दगड जसा मधल्या खिळीभोवती फिरतो तसा पहिला मणका कवटीसकट या सुळक्याभोवती फिरतो. आपण 'नाही' म्हणताना मान हलवतो, त्यातली जवळपास निम्मी फिरकी एकट्या या सांध्यात होते. 'हो' म्हणतानाच्या हालचालीचा मोठा वाटा त्याच्या वरच्या, कवटी आणि ॲटलसमधल्या सांध्याचा. या दोन्ही ठिकाणी चकती नाही. म्हणून 'चकती सरकली' हे लोकांच्या तोंडी बसलेलं निदान इथे लागूच पडत नाही.

सुळका जागेवर राहतो तो मुख्यतः त्याच्या मागून आडव्या गेलेल्या एका चिवट पट्ट्यामुळे, म्हणजे अस्थिबंधामुळे. या पट्ट्याच्या लगेच मागे मज्जारज्जू आहे आणि थोडं वर मेंदूचा देठ, जिथून श्वास, गिळणं, तोल यांचा कारभार चालतो. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या याच मणक्यांच्या भोकांतून वर चढतात आणि पहिल्या मणक्याच्या पाठीवरून वळसा घालून कवटीत शिरतात. निसर्गाने इथे जागा मात्र बऱ्यापैकी सोडली आहे. ॲटलसच्या कड्यातल्या जागेचे ढोबळमानाने तीन भाग केले तर एक सुळक्याचा, एक मज्जारज्जूचा आणि एक मोकळा, असा वैद्यकशास्त्रातला जुना ठोकताळा आहे. ही मोकळी जागा संपेपर्यंत शरीर फारशी तक्रार करत नाही. संपली की मात्र तक्रारी वेगाने वाढू शकतात.

सांधा ढिला होण्याची कारणं बरीच आहेत. काहींना जन्मतःच पहिला मणका कवटीला चिकटलेला असतो किंवा सुळक्याचं हाड खालच्या मणक्याशी सांधलेलं नसतं. सगळा भार आणि हालचाल उरलेल्या सांध्यावर पडते आणि तो वर्षानुवर्षं झिजतो. भारतात, विशेषतः उत्तर प्रदेश आणि बिहारकडे, ही जन्मजात ठेवण असलेले पेशंट बरेच दिसतात. कधी सुळका कवटीच्या तळाच्या भोकातून वर घुसतो. त्याला बेसिलर इनव्हॅजिनेशन म्हणतात. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांचे अस्थिबंध मुळातच सैल असतात. संधिवातात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, सूज सुळक्याभोवतीचा पट्टा खाऊन टाकते. आपल्याकडे क्षयरोगही याच जागी घर करतो. आणि म्हातारं माणूस मोरीत घसरून पडतं, मान दुखते म्हणून घरीच शेकत बसतं, तेव्हा सुळक्याच्या बुंध्याशी हाड मोडलेलं असू शकतं. असं फ्रॅक्चर साध्या एक्स-रेत सुटून जातं, म्हणून वृद्धांच्या मानदुखीत पडल्याचा इतिहास असेल तर सीटी स्कॅनचा आग्रह धरावा.

लहान मुलांमधला एक प्रकार आईबापांना ठाऊक असायलाच हवा. घसा सुजला, टॉन्सिल झाले, ताप आला. ताप उतरला, पण मान एका बाजूला वाकडी राहिली. 'झोपेत मान अवघडली' म्हणून आठवडे निघून जातात. घशाच्या संसर्गामुळे शेजारचे अस्थिबंध सैल होऊन पहिले दोन मणके वळलेल्या अवस्थेत अडकू शकतात. लवकर ओळखलं तर औषधं, पट्टा आणि गरज पडल्यास हलकं ट्रॅक्शन एवढ्यावर मूल बरं होतं. उशीर झाला तर तोच सांधा सोडवायला ऑपरेशन लागू शकतं. वाकडी मान आठवड्यात सरळ झाली नाही तर बालरोगतज्ज्ञांकडून पुढे मणक्याच्या डॉक्टरकडे जायलाच हवं.

मोठ्या माणसांत आजार कसा सुरू होतो? डोक्याच्या मागे, मानेच्या वरच्या टोकाशी दुखतं, पण दुखणं नेहमी असतंच असं नाही, आणि घोटाळा तिथेच होतो. दुखत नाही म्हणजे मानेचं काही नाही, असं सगळे धरून चालतात. सदऱ्याची बटणं लावताना बोटं अडखळतात, सही बदलते, चहाचा कप हातातून निसटतो. चपला पायातून निघून जातात आणि कळत नाही. चालताना पाय काठीसारखे ताठ वाटतात, अंधारात तोल जातो. मान झुकवली की पाठीतून पायापर्यंत विजेचा झटका गेल्यासारखं होतं. काहींचा आवाज नाकातून येऊ लागतो, पाणी पिताना ठसका लागतो, झोपेत श्वास अडकतो. खोकताना किंवा शिंकताना डोक्याच्या मागच्या भागात कळ उठत असेल तर कियारी या जोडदोषाचा विचार करावा लागतो. त्यात लहान मेंदूची टोकं कवटीच्या भोकातून खाली उतरलेली असतात. काहींची मान आखूड असते, केसांची मागची रेषा खाली असते. घरच्यांनी ती 'आमच्याकडे सगळ्यांची तशीच' म्हणून सोडून दिलेली असते.

या तक्रारी घेऊन पेशंट गावातल्या डॉक्टरकडे जातो आणि त्याला 'स्पॉन्डिलायटिस' हा शब्द मिळतो. चाळिशीनंतर जवळपास कुणाच्याही मानेच्या एक्स-रेत थोडीफार झीज दिसते, त्यामुळे हा शब्द सहज चिकटतो आणि चिकटला की निघत नाही. पुढे पट्टा, शेक, व्हिटॅमिनच्या गोळ्या, आणि मग कुणीतरी सुचवलेला मालिशवाला. इथे मला अगदी स्पष्ट लिहायचं आहे. हाताची पकड गेली आहे, चाल बिघडली आहे किंवा मान झुकवल्यावर झटका येतो आहे अशा माणसाच्या मानेला कुणीही झटका देऊन 'कडक' करू नये. न्हाव्याच्या खुर्चीत नको, हाडवैद्याकडे नको, फिजिओथेरपीतही निदानाआधी नको. ढिल्या सांध्याला असा झटका बसला तर हातपाय कायमचे जाऊ शकतात. डोक्यावरून पाटी किंवा हंडा वाहणंही निदान होईपर्यंत थांबवावं.

आता वाट पहिल्या डॉक्टरपासून सुरू करू. तालुक्याच्या ठिकाणचा साधा फिजिशियनही दहा मिनिटांत बरंच सांगू शकतो, त्यासाठी मशीन लागत नाही. मधल्या बोटाच्या नखाला टिचकी मारली की अंगठा आत दुमडतो का? तळव्यावरून किल्ली ओढली की पायाचा अंगठा वर जातो का? गुडघ्यावरची हातोडी पाय जास्तच जोरात उडवते का? दहा सेकंदांत मूठ किती वेळा उघडमिट होते? निरोगी माणसाला ती साधारण २० वेळा जमते. अर्धीच जमत असेल तर मज्जारज्जूची शंका घ्यावी. यातलं काही बिघडलेलं असेल तर दुखणं स्नायूचं नसून मज्जारज्जूचं असू शकतं, आणि चिठ्ठी न्यूरोसर्जन किंवा मणक्याच्या सर्जनच्या नावाने लिहायला हवी. त्या चिठ्ठीत 'मानदुखी' एवढंच न लिहिता 'मज्जारज्जूवर दाबाची लक्षणं' असं लिहून मागा. त्या तीन शब्दांनी मोठ्या रुग्णालयातल्या ओपीडीत फरक पडतो.

काही गोष्टींसाठी चिठ्ठीची वाट पाहायची नसते. हातापायातली ताकद काही तासांत किंवा दिवसांत झपाट्याने कमी होणं, श्वास घ्यायला त्रास, लघवी अडकणं, अपघातानंतर किंवा पडल्यानंतर मान तीव्र दुखणं: अशा वेळी १०८ला फोन करावा. पेशंटला उचलून गाडीत बसवण्याचा प्रयत्न करू नये. मान दोन्ही बाजूंनी गुंडाळलेल्या चादरींनी आधार देऊन स्थिर ठेवावी आणि सरळ न्यूरोसर्जरीची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावं.

तपासण्यांकडे वळू, कारण या आजाराचा निकाल तिथे लागतो. एमआरआय लागतोच. मज्जारज्जू किती दबला आहे, त्याचा रंग बदलला आहे का, आत पाणी साठलं आहे का, लहान मेंदू खाली आला आहे का, हे तोच दाखवतो. पण एकट्या एमआरआयवर थांबू नये. दुसरी तपासणी साधी आणि स्वस्त आहे: बाजूने काढलेले मानेचे दोन एक्स-रे, एक मान पुढे झुकवून, एक मागे करून. सुळका आणि ॲटलसची पुढची कमान यांतलं अंतर मोठ्या माणसात साधारण ३ मिलिमीटरपर्यंत आणि लहान मुलात ५ मिलिमीटरपर्यंत ठीक मानतात. मान झुकवल्यावर ते वाढत असेल तर सांधा ढिला आहे. एवढ्याशा एक्स-रेने अनेक वर्षांचं कोडं सुटतं, आणि तो काढायलाच कुणी सांगितलेलं नसतं, हे मला फार खटकतं. मात्र मान पेशंटने स्वतः, जागेपणी, झेपेल तेवढीच वाकवायची. तंत्रज्ञाने डोकं धरून दाबायचं नाही. नुकताच अपघात झाला असेल किंवा लक्षणं जोरात असतील तर सर्जनने सांगितल्याशिवाय हा एक्स-रे काढू नये.

तिसरी तपासणी बारीक कापांचा सीटी स्कॅन. हाडांची ठेवण, दोन मणक्यांमधल्या बाजूच्या सांध्यांचा उतार, कुठे काय चिकटलेलं आहे, हे एमआरआयपेक्षा इथे नीट दिसतं. शक्य असेल तिथे सीटीही मान झुकवून आणि मागे करून काढतात. ऑपरेशनचा विचार असेल तर त्यात रक्तवाहिन्यांची सीटी अँजिओग्राफी जोडावी लागते. जन्मजात दोष असलेल्या मणक्यांत धमनीचा मार्ग बऱ्याचदा वाकडा असतो. स्क्रू जिथे बसवायचा नेमका तिथूनच ती गेलेली असते. ऑपरेशन ठरलं आहे आणि धमनीचा मार्ग पाहिलेला नाही असं असेल तर न घाबरता विचारा.

आणखी एक गोष्ट मी प्रत्येक घराला सांगेन. रिपोर्टचा कागद म्हणजे तपासणी नव्हे. तो कुणीतरी, बऱ्याचदा घाईत, लिहिलेला सारांश आहे. 'सी-फाइव्ह सी-सिक्सला', म्हणजे पाचव्या-सहाव्या मणक्यांमधे, 'चकती फुगली आहे' असं लिहिताना फोटोच्या वरच्या कडेला असलेल्या पहिल्या दोन मणक्यांकडे पाहायचं राहून गेलेलं असू शकतं. म्हणून फिल्मबरोबर मूळ डिजिटल प्रतिमांची सीडी किंवा पेन ड्राइव्ह प्रत्येक वेळी मागून घ्या. त्यावर नाव आणि तारीख लिहा, घरी एक प्रत ठेवा. सर्जनला स्वतःच्या स्क्रीनवर काप पुढेमागे सरकवून पाहायचे असतात. मोबाइलवर काढलेला फिल्मचा फोटो या कामाला पुरत नाही. जुना एमआरआयही टाकून देऊ नका. तीन वर्षांत काय बदललं हे कळलं की निर्णयाला धार येते.

आता डॉक्टर. या सांध्यावर न्यूरोसर्जनही काम करतात आणि अस्थिरोगातून मणक्याकडे वळलेले सर्जनही. पदवी कुठली यापेक्षा हा सांधा ते नेमाने हाताळतात का, हे महत्त्वाचं. कमरेच्या मणक्याची शेकडो ऑपरेशनं केलेला उत्तम सर्जनही या जागी क्वचित हात घालत असेल, आणि प्रामाणिक डॉक्टर ते स्वतःहून सांगतो. 'हे काम अमुक ठिकाणी जास्त होतं, तिकडे जा' असं सांगणाऱ्या डॉक्टरवर जास्त विश्वास ठेवावा.

महाराष्ट्रातल्या पेशंटसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. हा सांधा बांधण्याची आज जगभर वापरली जाणारी एक मुख्य पद्धत मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात घडली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला असे मणके रेशमी धाग्याने बांधून पाहिले गेले, मग तारा आल्या. तारेने मणके मागून आवळले जात, पण सांध्याची फिरकी पुरती थांबत नसे आणि पेशंटला महिनोन्महिने जड पट्ट्यात राहावं लागे. पुढे युरोपात दोन्ही मणक्यांतून आरपार एक लांब स्क्रू घालण्याची पद्धत निघाली. ती मजबूत होती, पण धमनी वाटेत असेल तर वापरता येत नसे. तेव्हा केईएममध्ये असलेले न्यूरोसर्जन डॉ. अतुल गोयल यांनी दोन्ही मणक्यांत स्वतंत्र स्क्रू बसवून ते पट्टीने जोडायला सुरुवात केली. त्यांचा आणि डॉ. व्ही. के. लाहेरी यांचा शोधनिबंध १९९४ साली प्रसिद्ध झाला. २००१मध्ये जर्मनीतल्या हार्म्स आणि मेल्चर यांनी पट्टीऐवजी सळई वापरून तिचा सुधारित प्रकार मांडला. आज जगभरचे सर्जन ही पद्धत गोयल आणि हार्म्स अशा जोडनावाने ओळखतात. गोयल यांनी पुढे बेसिलर इनव्हॅजिनेशनमध्ये हेच सांधे उघडून, ताणून, वर घुसलेला सुळका खाली आणण्याची पद्धतही विकसित केली. त्यामुळे तोंडातून शिरून सुळका कापून काढण्याचं अवघड ऑपरेशन बऱ्याच पेशंटना टाळता येऊ लागलं. सार्वजनिक रुग्णालयातल्या गर्दीच्या वॉर्डांत हे काम उभं राहिलं याचा मला मनापासून अभिमान वाटतो. केईएमखेरीज दिल्लीचं एम्स, बंगळुरूचं निम्हान्स, लखनौचं संजय गांधी संस्थान, वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज इथेही या आजाराचा मोठा अनुभव आहे. गोव्याच्या पेशंटने आधी बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात न्यूरोसर्जरी विभागाला दाखवावं आणि तिथून पुढची वाट ठरवावी.

तज्ज्ञांत मतभेद असतात, आणि या आजारात ते बरेच आहेत. कियारीचंच उदाहरण घ्या. अनेक सर्जन कवटीच्या तळाचं भोक मोठं करून लहान मेंदूला जागा करून देतात. गोयल यांचं म्हणणं असं की मुळात पहिल्या दोन मणक्यांचा सांधा ढिला असतो, कियारी हा त्याचा परिणाम आहे, म्हणून सांधा बांधावा. इतर अनेक तज्ज्ञांना हे सगळ्या पेशंटना लागू पडतं असं वाटत नाही. ढिलेपणा तपासणीत स्पष्ट दिसला तरच ते बांधतात. म्हणजे एकाच फाइलवर दोन चांगले डॉक्टर दोन वेगळी ऑपरेशनं सुचवू शकतात. घाबरून जाऊ नये. दोघांनाही एकच प्रश्न विचारावा: माझ्या कुठल्या फोटोवरून तुम्हाला सांधा ढिला किंवा घट्ट वाटतो, ते मला दाखवाल का? जो दाखवतो आणि समजावतो त्याच्या सल्ल्याला वजन द्यावं. लक्षणं झपाट्याने वाढत नसतील तर दुसरं मत घ्यायला आठ-पंधरा दिवस जाऊ देणं योग्यच आहे. पाचवं, सहावं मत घेत वर्ष घालवणं मात्र नाही. मज्जारज्जू जितका जास्त काळ दबलेला राहतो तितकी गेलेली ताकद परत येण्याची शक्यता कमी होते.

भेटीच्या दिवशी काय न्यायचं? फोटो तर आहेतच. त्याखेरीज एका पानावर तारीखवार हकिकत लिहून न्या: बोटं कधीपासून अडखळतात, काठी कधी लागली, लघवीचं काय. सहा महिन्यांपूर्वी चालतानाचा एखादा लग्नातला व्हिडिओ मोबाइलमध्ये असेल तर तो दाखवा, सर्जनला तो फार उपयोगी पडतो. घरातलं एक शांत माणूस बरोबर असावं. सरकारी रुग्णालयात प्रत्येक युनिटचे ओपीडीचे वार ठरलेले असतात. ज्या युनिटला दाखवायचं त्याचा वार आधी विचारून मगच गाडी पकडा, नाहीतर केसपेपर दुसऱ्याच टेबलावर जातो. परगावाहून येणार असाल तर एका भेटीत काम संपेल असं धरू नका. नवीन तपासण्या लिहून देतात आणि पुन्हा बोलावतात.

सर्जनला विचारण्याचे प्रश्न मी असे ठेवेन. माझा मज्जारज्जू दबला आहे का, सांधा ढिला आहे का, की दोन्ही? काहीच केलं नाही तर काय होईल? किती मणके बांधणार? कवटीही त्यात घेणार का? शेवटचे दोन प्रश्न लोक विचारायला विसरतात आणि नंतर हळहळतात. फक्त पहिले दोन मणके बांधले तर मानेची डावी-उजवी फिरकी निम्म्याच्या आसपास जाते. रिक्षा, ट्रॅक्टर, मोटारसायकल चालवणाऱ्याला मागे बघायला अख्खं अंग वळवावं लागतं. कवटीपर्यंत बांधलं तर 'हो' म्हणण्याची हालचालही बरीच जाते; वर बघणं, घोट घेताना मान मागे करणं अवघड होतं. स्क्रू बसवताना दुसऱ्या मणक्याजवळची संवेदनेची नस कापावी लागली तर डोक्याचा मागचा भाग बधिर राहतो. हे सगळं हातपाय वाचवण्याची किंमत म्हणून बहुतेक पेशंट आनंदाने मोजतात, पण ती आधी माहीत असायला हवी.

सगळ्यांना ऑपरेशन लागतं असं नाही. योगायोगाने फोटोत दोष सापडला, लक्षणं नाहीत, मान झुकवूनही सांधा हलत नाही, अशा माणसाला ठरावीक काळाने तपासत राहणं पुरतं. क्षयरोगात हाडं फार मोडली नसतील तर औषधांचा पूर्ण कोर्स आणि मान घट्ट स्थिर ठेवणं यावर बरेच जण बरे होतात. संधिवातात औषधं वेळेवर आणि नेमाने घेतली तर सांधा सहसा या थरापर्यंत पोचत नाही.

ऑपरेशन ठरलं तर आधी काहींना कवटीला चिमटे लावून वजनाचं ट्रॅक्शन देतात, मणके जागेवर येतात का ते पाहण्यासाठी. दिसायला भीतिदायक, पण चिमटे लावताना जागा बधिर करतात. भूल देणं हेच इथे एक कौशल्याचं काम आहे, कारण नळी घालताना मान मागे ताणता येत नाही. भूलतज्ज्ञ बऱ्याचदा दुर्बिणीच्या मदतीने, पेशंट अर्धवट जागा असताना नळी घालतात. पेशंटला पालथं निजवून मानेच्या मागून सांध्यापर्यंत जातात, स्क्रू बसवतात, मणके ओढून सरळ करतात आणि कमरेच्या हाडाचे तुकडे सांध्यात भरतात. स्क्रू काही काळच आधार देतात. कायमचं बांधलं जातं ते हे हाड जुळल्यावर, आणि त्याला महिने लागतात. तंबाखू आणि विडी हाड जुळू देत नाही, त्यामुळे ती आधीच सुटायला हवी. धोके खरे आहेत: धमनीला इजा, मज्जारज्जूला इजा, जंतुसंसर्ग, स्क्रू सैल होणं. अनुभवी ठिकाणी ते कमी होतात, शून्य होत नाहीत.

पैशाचं आधी बोला, दाखल झाल्यावर नव्हे. २०१२ साली महाराष्ट्राच्या आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झालेली आणि आता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून चालणारी सरकारी योजना कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण देते. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड, आधार आणि सर्जनची चिठ्ठी घेऊन तिथे जायचं आणि आपलं ऑपरेशन यादीत बसतं का, स्क्रूचा खर्च त्यात धरला आहे का, हे विचारायचं. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखाव्या लागतात. तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना उत्पन्नाच्या दाखल्यासह भेटा. खाजगीत जाणार असाल तर स्क्रू, अतिदक्षता विभाग आणि ऑपरेशनदरम्यान नसांवर लक्ष ठेवणारं यंत्र धरून लेखी अंदाज मागा.

घरी आल्यावर पट्टा किती दिवस, अंघोळ कशी, वाहन कधी, हे सर्जन सांगतील तसंच करावं. शेजारच्याच्या मानेचं ऑपरेशन वेगळं होतं. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते, मग वेग मंदावतो, आणि बोटांचं बारीक काम सर्वांत शेवटी परत येतं. काहींचं पूर्ण येत नाही. फिजिओथेरपी हातापायांची आणि चालण्याची करायची, मान फिरवण्याची नाही. तीन ते सहा महिन्यांनी एक्स-रे किंवा सीटी काढून हाड जुळलं का ते पाहतात. ती भेट पेशंटला बरं वाटतंय म्हणून चुकवू नये, कारण न जुळलेलं हाड सुरुवातीला काहीच त्रास देत नाही.

डिस्चार्ज कार्डाची एक प्रत पाकिटात ठेवा. पुढे कधी पोटाचं, डोळ्याचं, बाळंतपणाचं, कुठलंही ऑपरेशन असलं तरी भूलतज्ज्ञाला पहिल्यांदा सांगा की वरचे मणके बांधलेले आहेत, मान मागे ताणायची नाही. संधिवाताच्या जुन्या पेशंटने आणि डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाच्या आईवडिलांनी मानेचं ऑपरेशन झालेलं नसलं तरीही भूलतज्ज्ञाला तो आजार सांगावा, आणि भुलीआधी मान झुकवून काढलेला एक्स-रे लागेल का हे विचारावं.